टेकाड प्रचाराला उतरलं तेव्हा

पाणी खाली धावतं हे देवानं ठरवलं, तेव्हा टेकाडावर कुणी बिऱ्हाड करील असं त्याच्या ध्यानीमनी नसावं. पण माणसं गेली. खाली जागा मिळेना म्हणून वर गेली, आणि मग जन्मभर खालून वर पाणी वाहत राहिली. टेकाडावरच्या बायकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असतो. सोयरीक जुळवताना लोक रंग बघतात, नाक बघतात. टेकाडावर पोरीचे गुडघे बघायचे.

या टेकाडाची नगरसेविका म्हणजे आत्या. कुणाची आत्या म्हणाल, तर एका भावाच्या दोन पोरांची, आणि तीही परगावी. पण एखाद्या बाईला कुणी आत्या म्हणायला लागलं की सगळेच म्हणतात, मग म्हणणाऱ्याचे केस पिकलेले का असेनात. आत्याची शाळा चौथीपर्यंत, तीही तिसरी दोनदा धरून. पुढचं शिक्षण इस्पितळाच्या धुलाईघरात. तिथं ती भट्टीवर होती. सोड्याच्या उकळत्या पाण्यात चादरी ढवळायच्या, लाकडी दांड्यानं उपसायच्या, पिळायच्या. रक्ताचे, पुवाचे, बाळंतपणाचे डाग. आत्या म्हणायची, "डाग धुता येतो. फक्त पाणी पाहिजे आणि लाज सोडायची तयारी."

ती राजकारणात आली तीसुद्धा चादरींमुळेच. एकदा इस्पितळाचं पाणी बंद पडलं. घाण चादरींचा ढीग छताला लागायला आला. पालिकेत फोन करावा तर रोज एकच उत्तर, बघतो. आत्यानं एक मोठं गाठोडं हातगाडीवर घातलं, भर सभेत नेलं आणि अध्यक्षांच्या टेबलावर सोडलं.

"काय आहे हे?" अध्यक्ष नाकाला रुमाल लावून ओरडले.

"तुमचं 'बघतो'," आत्या म्हणाली. "बघा आता."

पाणी दुपारच्या आत आलं. आणि टेकाडावरच्यांनी ठरवलं की हीच बाई उभी करायची.

बाकीच्यांचे जाहीरनामे पानपानभर. रस्ते, बागा, दिवे, वाचनालय, म्हाताऱ्यांसाठी बाकडी. आत्याचा जाहीरनामा दारावर खडूनं लिहिता आला असता. टेकाडाला पाणी. पुढं काही नाही. लोक विचारायचे, "आणि रस्त्याचं काय, आत्या?" ती म्हणायची, "पाणी आलं की तंगड्या मोकळ्या होतील, मग चाला की कुठंही." ती निवडून आली, आणि पाण्याच्या मागं अशी लागली की इंजिनियर साहेब तिला लांबून बघून जिना बदलायचे.

खरा उपाय एकच होता. टेकाडाच्या माथ्यावर टाकी, तिला स्वतःचा पंप. ती टाकी दर वर्षी मंजूर व्हायची. एकमतानं, टाळ्यांच्या गजरात. जितक्या वेळा ती मंजूर झाली तितक्या वेळा बांधली असती तर शहर बुडालं असतं. शेवटी आत्यानं दुसरा मार्ग काढला. खालच्या वस्तीच्या कोपऱ्यावर, लोखंडी झाकणाखाली, मोठ्या नळाची चावी होती. पालिका पाणी सोडायची ते सकाळी तासभरच. तेवढा वेळ चावी आवळली की खालचे नळ कोरडे पडायचे, पण सगळा जोर वर जायचा आणि टेकाडाच्या नळांना पाणी यायचं. खालची वस्ती तेव्हा दुसऱ्या वॉर्डात होती. तिथला नगरसेवक सभेत झोपायचा आणि झोपेतच हात वर करायचा. त्याच्याच हातानं ठराव पास झाला.

टेकाडावर पहिल्यांदा नळाला पाणी आलं तेव्हा बायका नळाकडं बघत नुसत्या उभ्या राहिल्या होत्या. दुसरी निवडणूक आत्यानं घरात बसून जिंकली.

आता तिसरी आली. त्याआधी पालिकेनं वॉर्डांच्या नव्या रेघा मारल्या. कचेरीतला माणूस नकाशा घेऊन घरी आला. आत्याचं घर टेकाडाच्या अगदी पायथ्याला, पहिल्या पायरीशी. ना धड वर, ना धड खाली.

"काही हरकत असेल तर मुदतीत सांगा, आत्या."

सुनेनं नकाशा खिडकीपाशी नेऊन निरखला. आत्याचा मुलगा ट्रकवर असायचा, महिनामहिना घरी नसायचा. घर चालायचं ते या दोघींच्या भांडणावर. "आई, जरा नीट बघा. टेकाड पलीकडच्या उंच इमारतींच्या वॉर्डात गेलंय. तिथं टेकाडाची मतं म्हणजे पिठात मीठ. आणि आपण खालच्या वस्तीत आलोय. चावी पण इकडंच."

"मग?"

"मग काय? हरकत घ्या. खालची माणसं तुम्हाला कशाला मत देतील? त्यांचा सकाळचा तास तुम्ही वर नेलात."

"रेघ मारल्यानं माणसं वाटली जात नाहीत," आत्या म्हणाली. "कचेरीत सांगा, कुठंही मारा रेघ. मी जिथं उभी राहीन तिथली माणसं माझी."

सुनेनं नकाशाची घडी घातली. सासू गर्वानं बोलते तेव्हा मध्ये पडणं म्हणजे उतरत्या गाडीला हात लावणं, हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकली होती. मुदत गेली. रेघ पक्की झाली. आणि मग अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा आत्याला कळलं की आपण काय बोलून बसलो. चावी खालच्या वॉर्डात. खालून जो निवडून येईल त्याच्या हातात चावी. म्हणजे टेकाडाचं पाणी टिकवायचं तर मतं मागायची कुणाकडं? ज्यांचं पाणी घेतलं त्यांच्याकडं.

समोर औषधवाला उभा होता. कोपऱ्यावर त्याचं दुकान. माणूस वाईट नव्हता. पण हसायचा तेव्हासुद्धा पुडीत बांधून दिल्यासारखा हसायचा. त्याचाही जाहीरनामा खडूनं लिहिण्याएवढाच होता. आमचा तास आम्हाला परत.

आत्या पहिल्यांदा गेली ती धाकट्या जावेच्या दारात. धाकटी जाऊ खालच्या वस्तीत राहायची आणि कारखान्यातल्या कामगारांचे जेवणाचे डबे करायची. सकाळचं पाणी गेल्यापासून ती रात्रीच हापशावरून पिंपं भरून ठेवायची, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं लग्नकार्यापुरतं उरलं होतं.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी."

"मी म्हणजे कोण? मत मागायला आलेली मी, की पाणी न्यायला आलेली मी?"

"दोघीही आल्यात. आत येऊ का?"

"या. पाटावर बसा. घोटभर पाणी विचारलं असतं, पण म्हटलं तुमच्याकडं आमच्यापेक्षा जास्त असेल."

"टोमणा बरा जमलाय. पाठ करून ठेवला होतास?"

"पाच वर्षं पाठ करतेय, ताई. आज म्हणायची संधी मिळाली."

आत्या बसली. जाऊ पीठ मळत होती, पाणी चमच्यानं घालत होती. आत्यानं ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

"माझ्याही नळाला सकाळी पाणी नसतं," ती म्हणाली. "मीही पायथ्यालाच राहते."

"तुम्हाला नसतं त्याचे तुम्हाला हार मिळतात. आम्हाला नसतं त्याचं काय मिळतं?"

"टाकी झाली की दोघांना..."

"ताई, टाकीचं नाव काढू नका. माझा धाकटा टाकीच्या गोष्टी ऐकत ऐकत लग्नाला आला."

आत्याला हसू आलं. जावेलाही आलं, पण तिनं ते पिठात दाबलं. मग गोळा पालथा करून ती म्हणाली, "एक दिवस त्यांना, एक दिवस आम्हाला. असं का नाही करत? निदान माणसाला कळेल, आज आपलं आहे, उद्या नाही. मी तेवढ्यावर बायकांना राजी करीन."

"तुझं ऐकतील?"

"माझंच ऐकतील. तुम्हाला माझ्याइतक्या शिव्या या वस्तीत कुणीच दिलेल्या नाहीत. मी मत द्या म्हटलं तर त्यांना वाटेल, काहीतरी खरंच असणार."

निम्मं पाणी. टेकाडाचं निम्मं पाणी स्वतःच्या हातानं कापायचं. पण औषधवाला आला तर सगळंच जाणार होतं, आणि सगळ्यापेक्षा निम्मं कधीही बरं, एवढं गणित तिसरी दोनदा केलेल्या बाईलाही येत होतं. तिनं जावेच्या पिठाळ हातावर हात ठेवून शब्द दिला.

घरी आल्यावर सुनेनं विचारलं, "वर सांगायला नको का?"

"निवडून आल्यावर सांगते. आधीच सांगून त्यांच्या तोंडचा घास कशाला कडू करायचा?"

जाऊ शब्दाला जागली. ती दारोदार गेली. डबे पोचवता पोचवता बोलली, हापशापाशी बोलली, भांडत बोलली. आत्याही रोज सकाळी रिकामी बादली घेऊन खालच्या हापशाच्या रांगेत उभी राहायला लागली. पहिले काही दिवस बायकांनी तिला पाठ दाखवली. एकीनं तर तोंडावर सांगितलं, "आत्या, ही रांग तुम्हीच लावलीत, शेवटी उभ्या राहा." आत्या शेवटी उभी राहिली. मग हळूहळू कुणी तिची बादली पुढं सरकवली, कुणी गुडघ्याला काय लावता म्हणून विचारलं. एक दिवस त्याच तोंडाळ बाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "एक दिवसाआड म्हणजे खरंच एक दिवसाआड ना? की टाकीसारखं?" सगळ्या हसल्या. आत्याही हसली. त्या हसण्यात मतं होती, हे तिला जुन्या अनुभवानं कळत होतं. औषधवाल्यालाही कळत होतं. त्याचं हसू पुडीतून निघेनासं झालं होतं.

इकडं टेकाडावर वेगळंच शिजत होतं. टेकाडाची थोरली म्हणजे सुईण. वरची निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली. तिनं बायका जमवल्या. "ज्या बाईनं आपल्याला पाणी दिलं तिला आपण मतसुद्धा देऊ शकत नाही. आपण कसली माणसं? मत नाही तर नाही, पाय तर आहेत. खाली उतरायचं. घरोघरी जाऊन सांगायचं, आत्यानं आमच्यासाठी काय केलं ते. आमच्यापेक्षा चांगला साक्षीदार कोण?"

कुणालाही त्यात चूक दिसली नाही. दिसणार तरी कशी? वरून बघितलं तर खालची वस्ती नुसती छपरं दिसते. छपराखालची कोरडी बादली दिसत नाही. आत्याला आधी सांगायचं नाही, तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा, असं ठरलं.

प्रचाराची शेवटची सकाळ. मतदान एक दिवस सोडून. टेकाडाच्या पाण्याचा तास नुकताच संपला होता. आत्या बादली घेऊन रांगेत उभी होती. तिच्या पुढं जाऊ, मागं तोंडाळ बाई. कुणीतरी म्हणालं, "ते बघा काय?"

पायऱ्यांवरून टेकाड उतरत होतं. सगळं टेकाड. न्हाऊन धुऊन. कार्याला निघाल्यासारखे कपडे, पांढरे म्हणजे डोळ्यांत खुपतील असे पांढरे. बायकांचे केस ओले, पाठीवर मोकळे सोडलेले, आणि टोकांतून पाणी ठिबकत होतं. पायऱ्या ओल्या होत होत्या. पोरांचे गाल घासून लाल केलेले. पुढं सुईण, आणि तिच्यामागं सगळे एका सुरात ओरडत होते, "आत्यानं दिलं, पाणी दिलं!"

रांगेतल्या बायका वळल्या. रिकाम्या बादल्या हातात जराशा हलल्या, कड्या वाजल्या.

आत्या बादली टाकून पुढं धावली. "जा! वर जा सगळे! कुणी बोलावलं तुम्हाला?"

"बघा, बघा," सुईण कौतुकानं मागं वळून म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? आत्याला स्वतःची तारीफ खपत नाही." आणि घोषणा दुप्पट जोरात सुरू झाली.

"अगं बयांनो, गप्प बसा! तुमच्या पाया पडते."

"आता तुम्ही गप्प बसायचं, आत्या. इतकी वर्षं तुम्ही आमच्यासाठी बोललात. आज आम्ही बोलतो."

आणि ती रांगेपाशी आली, जोडलेल्या हातांनी, मायेनं. एकेकीला सांगायला लागली. पूर्वी आमच्या पोरींना कशी खरूज व्हायची, आणि आता बघा कातडी. पूर्वी बाळंतिणीला न्हायला पाणी नसायचं, आता दोन घंगाळी. आता आम्ही रोज अंघोळ करतो, रोज. रांगेतली एकेक बाई ते ऐकत होती. कुणाचा हात नकळत आपल्या चिकट केसांकडं गेला. तोंडाळ बाईच्या कडेवर तिचं धाकटं पोर होतं, नाकाखाली वाळलेली रेघ, गालावर काल रात्रीचं जेवण. सुईणीला ते दिसलं. आयुष्यभर पोरं पुसण्यात गेलेला हात तो. तिनं खांद्यावरचा ओला पंचा काढला आणि पोराचं तोंड पुसलं, हळू, कोपरा ओठांशी दुमडून.

"असं ठेवू नये हं पोराला," ती म्हणाली. "पाणी लावत जा जरा."

या तोंडाळ बाईच्या तोंडाला वस्ती घाबरायची. तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं, बादली उचलली आणि रांग सोडून चालू लागली. तिच्यामागं दुसरी. मग तिसरी. पुसलेलं तोंड खांद्यावरून मागं बघत होतं, घासलेल्या भांड्यासारखं लखलखीत.

आत्यानं जावेकडं बघितलं.

"ताई," जाऊ म्हणाली, "आता मी काय सांगू यांना?"

टेकाड वस्तीभर फिरत राहिलं. ज्या दारावर थाप मारली ते दार बंद होत गेलं, आणि टेकाडाला वाटलं, शेवटचा दिवस, लोक कामात असतील. दुपारी ते दमून, समाधानानं वर गेले. घसे बसले होते सगळ्यांचे.

निकालाच्या दिवशी आत्या मोजणीला गेलीच नाही. सून जाऊन आली, चपला दारात काढल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळायला लागली. भांड्यांच्या आवाजावरूनच आत्याला कळलं.

संध्याकाळी औषधवाला आला. गळ्यातला हार दाराबाहेरच काढून हातात गुंडाळला होता त्यानं, तेवढी जाण होती.

"राग नाही ना, आत्या?"

"तुझा कसला राग? तू उभा होतास, बाकी सगळं माझ्या माणसांनी केलं. बस. एक मागते. एक दिवसाआड चावी फिरव. माझी जाऊ तयार आहे, बऱ्याच बायका तयार होत्या."

"होत्या," तो म्हणाला. "त्या सकाळपर्यंत. आता मी एक दिवससुद्धा वर दिला तर माझ्या दुकानाला दगड पडतील." मग आवाज खाली आणून, "आत्या, खरं सांगा. तुम्ही निवडून आलात तेव्हा खालच्यांना एक दिवस ठेवला होतात का?"

नवऱ्याला, सासूला, अध्यक्षांना, इंजिनियरला कधी उत्तर चुकलं नाही अशी ही बाई. ती खिडकीबाहेरच्या रस्त्यावरची जाणारी येणारी माणसं मोजायला लागली.

"तुम्ही तुमच्या माणसांना पाणी दिलंत," औषधवाला उठत म्हणाला. "मी माझ्या देतोय. आणि टाकीची काळजी करू नका. पहिल्याच सभेत मंजूर करून घेतो."

त्यानं ते मनापासून म्हटलं, हेच वाईट होतं.

काही दिवसांनी चावीवाल्याला नवा हुकूम मिळाला. आत्याच्या नळाला पहाटे पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सून झोपेतून उठून बादल्या लावायला धावली, मग सासूचं तोंड बघून थांबली, आणि मग परत लावल्या. पाणी काय, रागानं परत जात नाही. खालच्या वस्तीत पोरांच्या अंघोळींचा गलका उठला होता. आत्यानं पायात चपला सरकवल्या आणि टेकाड चढायला लागली. गुडघे कुरकुरत होते. सांगणं तिचं काम होतं.

पण सांगायला काही उरलं नव्हतं. वरून बायका उतरत होत्या, दोन्ही हातांत बादल्या, कुणाच्या डोक्यावर हंडा. वाट अजून लक्षात होती सगळ्यांच्या. कुठल्या पायरीला पाय वाकडा टाकायचा, कुठं दम घ्यायचा. पाच वर्षांत वाढलेल्या पोरी तेवढ्या चुकत होत्या, त्यांना आया दाखवत होत्या.

सुईण मधल्या वळणावर दम घेत बसली होती. आत्याला बघून उठली. तिचे डोळे भरले.

"आत्या, आम्ही कमी पडलो."

"नाही गं."

"पडलो. एकच सकाळ उतरलो खाली. एका सकाळीत काय होतं? लोकांना पटायला वेळ लागतो. आम्ही ठरवलंय सगळ्यांनी." तिनं आत्याचा हात धरला. तिचा हात आता कोरडा होता. "पुढच्या निवडणुकीला पहिल्या दिवसापासून उतरायचं. घरटी एक माणूस. वस्तीत एक घर सोडायचं नाही. तुम्ही नुसत्या उभ्या राहा."

आत्याच्या जिभेवर सगळं आलं. ती रांग, तो पंचा, ते पुसलेलं तोंड. तिनं सुईणीकडं बघितलं. सत्तरीची बाई, एक खांदा खाली, हातात बादली, आणि चेहऱ्यावर एवढीच एक आशा की आपण अजून काहीतरी करू शकतो. ती काढून घेतली तर हिच्याजवळ काय राहणार? आणि नाही काढून घेतली तर पुढच्या वेळीही हेच होणार. आत्याला दोन्ही दिसत होतं.

"बरं," ती म्हणाली.

मागून बायकांचा दुसरा घोळका येत होता. पायऱ्या अरुंद. आत्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली, पोट आत घेऊन, बादल्यांना जायला वाट मिळावी म्हणून.